वाडीवऱ्ह्याच्या पुढे

आडगाव नाक्यावर, टायरवाल्याच्या मागे
माझं गॅरेज. पाटी नाही.
पाटी लावली की लोक आधी भाव विचारतात.

दगू गांगुर्डे पिकअप घेऊन आला तेव्हा
हौद्यात कोथिंबिरीचा नुसता वास होता.
माल परवा घाटाखाली पोचेस्तोवर पिवळा पडला,
वाशीत कुणी हात लावला नाही.
"चालू होते. पळते.
वाडीवऱ्ह्याच्या पुढे गेली की दम तोडते.
मग पंधरा मिनिटांनी
काही झालंच नाही, अशी चालू."
सांगताना गाडीकडं बघत नव्हता.
घरातल्या पिणाऱ्याबद्दल बोलावं, तसा आवाज.

बदललेल्या सामानाची यादी खिशातच होती.
फिल्टर दोनदा. फीड पंप.
नोजल सातपूरला टेस्टिंग करून आणलेले.
एकानं वायरिंगच्या नावाखाली
अख्खा डॅशबोर्ड सोलला,
अजून स्पीडोमीटर खडखडतो.
सगळं नवं. आजार तोच.

मी पाना उचलला नाही.
याकूब मिस्त्री म्हणायचे,
बंद पडलेली गाडी खोटं बोलत नाही,
चालू गाडी हमखास बोलते.
म्हणून म्हटलं, चल. बंद पाडून बघू.

फिल्टरच्या तोंडाशी पारदर्शक नळी जोडली,
हवा घेत असेल तर बुडबुडे दिसतील.
दगू चालवायला, मी शेजारी,
आणि त्याचा भाचा हर्षल मागे हौद्यात
रिकाम्या गोणपाटावर.
कॅबिनमध्ये जागा होती तिघांची.

द्वारका वरूनच ओलांडली, पाथर्डी फाटा, विल्होळी.
इंजिन कसं, तव्यावर भाकरी फिरावी तसं.
मी पायानं ऐकत होतो, तळव्यातून.
वाडीवऱ्हे गेलं
आणि एक झटका. मग दुसरा.
दगूनं पाय दाबला, पण
पायाखाली कुणी राहतच नव्हतं.

बॉनेट उघडलं.
नळीत बुडबुडा एकही नाही.
टाकीकडून येणारा रबरी पाइप मात्र
आत ओढलेल्या गालासारखा
चपटा.

"आता रोज काय करतोस ते कर."
"काय करणार? डिझेल बघतो."
त्यानं शर्ट वर केला,
करगोट्याला बांधलेली किल्ली काढली,
टाकीच्या झाकणाचं कुलूप उघडलं
आणि खुणा केलेली काठी आत घातली.

काठी जायच्या आधी
टाकीनं श्वास घेतला.
लांब. दात घट्ट मिटून घ्यावा तसा.
दगूचं लक्ष काठीवर.
हर्षलनं ऐकला. त्यानं माझ्याकडं पाहिलं,
त्याला बहुतेक आधीपासून ऐकू येत होता.

"हे झाकण कधीचं?"
"दिवाळीत घेतलं."
"आणि बंद कधीपासून पडते?"
काठी तशीच हातात. डिझेलचा थेंब बुटावर.
"आधीचं कंपनीचं होतं," तो म्हणाला,
"चांगलंच होतं. पण डिझेल कमी भरायला लागलं,
म्हणून..."
पुढचं वाक्य हौद्याच्या दिशेनं गेलं
आणि तिथंच थांबलं.

इंजिन डिझेल पितं तेवढी हवा
टाकीत यावी लागते.
येऊ दिली नाही तर टाकी
आपलंच धरून बसते, मग देत नाही.
हे मी दगूला सांगितलं ते टाकीबद्दलच.

हायवेच्या कडेला, हातड्रिलनं
झाकणाला एक मिलिमीटरचं भोक पाडलं.
घोटीपर्यंत नेली. परत आणली.
कुठं शिंकलीही नाही.
येताना हर्षल कॅबिनमध्ये होता,
कुणी बोलावलं ते मला दिसलं नाही,
मी चहाचे पैसे देत होतो.

गॅरेजला पोचल्यावर दगूनं
झाकणाला पुन्हा कुलूप लावलं.
किल्ली करगोट्याला बांधायला घेतली,
गाठ काही बसेना,
मग खिशात टाकली.
"किती झाले?"
दोनशे म्हटलं.
एका भोकाचे दोनशे, असं तोंड करून दिले.

डिझेल दिवाळीआधी कुठं जात होतं,
ते मी बघितलं नाही.
तेवढ्याचं ठरलं नव्हतं.